भरतकामाचा कॉम्प्युटर

सूनबाई खोटं बोलण्यात अगदीच कच्ची होती. सराव नसलेली माणसं खोटं बोलली की भलत्याच ठिकाणी अडकतात, आणि हिचंही तेच झालं. कापड कापायच्या टेबलावर खडूच्या तुकड्याशेजारी तिच्या गिऱ्हाईक नर्सबाईच्या अक्षरातली यादी पडली होती, आणि बाबांनी ती उचलून डोळ्यांसमोर धरली होती.

"हे काय गं?"

"ते... कॉम्प्युटरचं सामान आहे, बाबा. सुटे भाग घेऊन जोडून घ्यायचा. नर्सबाईने यादी करून दिलीय, स्वस्तात पडतो म्हणे."

"कुणाला पाहिजे कॉम्प्युटर?"

"मला. भरतकामाची डिझाइनं काढायला."

झालं! बोलून गेली आणि लगेच जीभ चावली. पण बाबांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि यादी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. चार महिन्यांत त्यांनी एखाद्या गोष्टीबद्दल दुसरा प्रश्न विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. अशा वेळी खरं सांगून टाकायला तिची जीभ रेटेना.

बाबा म्हणजे तिचे सासरे. एकतीस वर्षं शहरातली बस चालवलेला माणूस. चार महिन्यांपूर्वी एका स्टॉपवर बस उभी असताना त्यांची साखर अचानक उतरली आणि कपाळ स्टेअरिंगवर टेकलं. गाडी उभी होती म्हणून निभावलं, कुणाला साधं खरचटलंही नाही. डॉक्टरांनी औषधं बदलून दिली, साखर ताळ्यावर आली. पण तपासणीच्या कागदावर शिक्का पडला तो पडलाच. मोठी गाडी यापुढे नाही. निवृत्तीला दोन वर्षं होती, ती राहिली बाजूला. डेपोतल्या मंडळींनी हार घातला, घड्याळ दिलं, आणि बाबा घरी आले ते थेट मागच्या खोलीतल्या खुर्चीत जाऊन बसले.

बसले म्हणजे बसलेच की हो! ताटात पडेल ते खायचं, विचारलं तर "हं" म्हणायचं आणि खिडकीतून समोरची भिंत बघायची. गेल्या आठवड्यात मात्र त्यांनी आपणहून तोंड उघडलं. "रविवारी मी आक्काकडे जातो. कायमचाच." आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. नऊ तासांच्या अंतरावर एकटी राहणारी, गुडघ्यांनी जेरीस आलेली. "इथे राहून करू काय? नुसता तुझ्या पायात येतो."

नवरा जहाजावर नोकरीला, वर्षातून दोनदा घरी. फोनवर म्हणाला, "तूच बघ गं, तुझं ऐकतात ते." ऐकतात कसले! तिकीट काढून झालं होतं, बॅग भरून दाराआड उभी होती. तिथे आक्का अंथरुणाला खिळायच्या बेतात आणि हे भिंतीकडे बघणारे. दोघं मिळून एकमेकांचं काय करणार होते, ते देवालाच ठाऊक. गेले तर ते तिथे आणखी मिटत जाणार, आणि परत येणार नाहीत, एवढं सूनबाईला स्वच्छ दिसत होतं.

आणि या माणसाचं तिच्यावर केवढं ऋण! पंधरा वर्षांपूर्वी ती या घरात आली तेव्हा शिलाई येत होती, पण मशीन टाकायला जागा नव्हती. रस्त्याकडेची खोली बाबांची. एका सकाळी त्यांनी कुणाला न विचारता आपली कॉट उचलली, मागे नेली, आणि म्हणाले, "इथे उजेड चांगला येतो, तू बस." तिचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे त्यांच्या डेपोतले ड्रायव्हर-कंडक्टर. मार्गाच्या दुसऱ्या टोकाला घाऊक कापडाची दुकानं होती. जेवणाच्या सुट्टीत बाबा तिथून गठ्ठे आणायचे आणि सीटमागे ठेवून घरापर्यंत पोचवायचे. शेजारच्या एका गृहस्थांनी एकदा नाक मुरडलं, सुनेसाठी सासरा गठ्ठे उचलतो म्हणून. बाबा म्हणाले, "उचलतो. तुम्हाला एखादा देऊ का?"

याबद्दल तिने त्यांचे आभार कधी मानले नव्हते. घरच्या माणसाचे आभार मानायचे, हे त्या घरात कुणाला सुचलंच नसतं. मनात मात्र होतं, आणि वर्षागणिक वाढत होतं.

अशात हॉस्पिटलातली नर्सबाई गणवेश कमरेत सैल करून घ्यायला आली. गप्पांच्या ओघात म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी मी गेम खेळते हो, ताई. ट्रक चालवते. डोकं कसं शांत होतं. बसचाही आहे तसला गेम. प्रवासी चढतात, उतरतात, दारं उघडायची, सिग्नल पाळायचे." सूनबाईच्या हातातली कात्री कापडातच थांबली. मग तिने नर्सबाईला खोदून खोदून विचारलं, आणि नर्सबाईनेही मनावर घेतलं. "माझं जुनं स्टेअरिंग पडलंय घरात, पायाखालच्या पेडलांसकट. ते घ्या, मला काही नको त्याचं. बाकी सामानाची यादी करून देते." कापडाच्या कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनसाठी बाजूला टाकलेली रक्कम सूनबाईने सांगितली आणि नर्सबाईने त्यात बसेल अशी यादी केली. ग्राफिक्स कार्डाखाली तिने तीन वेळा रेघ ओढली. "हे जुनं घ्या, वापरलेलं घ्या, पण घ्याच. चित्र हेच दाखवतं. इथे हात आखडलात तर बस अडखळत चालेल आणि काका वैतागतील."

तर अशी ती यादी आता बाबांच्या हातात.

"यातलं इंजिन कुठलं?"

"हा प्रोसेसर. आणि हा मदरबोर्ड म्हणजे... ज्याच्यावर सगळं बसतं तो."

"म्हणजे गाडीची चासी," बाबा म्हणाले. "तापतं का हे इंजिन?"

"तापतं. म्हणून पंखा लागतो."

"मग बॉडी हवेशीर पाहिजे. ते लिहिलेलंच नाही यात." त्यांनी तिची लाल पेन्सिल घेतली आणि कॅबिनेटपुढे 'हवा' असं लिहिलं. थोडा वेळ विचार केला. "एकटी जाऊ नकोस. तुला बघून कुणीही टोपी घालेल. मी येतो."

चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी बूट बाहेर काढले, फडक्याने पुसले आणि नाड्या बांधल्या. सूनबाई दारात उभी राहून बघत होती आणि मनात स्वतःला बजावत होती, आत्ता नको, दुकानात गेल्यावर सांगू. एकदा खोटं बोललं की असंच होतं, खरं बोलायचा मुहूर्त पुढे पुढे सरकत राहतो.

दुकान अरुंद, खोक्यांनी छतापर्यंत भरलेलं. मालकाच्या नाकावर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा. बारीक स्क्रू बघायला एक, माणसं बघायला एक. त्याने आधी काचेची पेटी पुढे केली. आत सप्तरंगी दिवे पळत होते.

"हे दिवे कशाला?" बाबांनी विचारलं.

"दिसायला छान, काका. आता सगळे हेच नेतात."

"आतलं सामान दिवे नसले तर चालत नाही का?"

"चालतं की."

"मग साधी दाखव. आणि पुढून जाळी असलेली. ह्याला काच लावलीय, वारा कुठून जाणार?"

चष्मेवाल्याने बाबांकडे जरा निरखून पाहिलं आणि कोपऱ्यातली काळी, जाळीदार पेटी काढली. वीज देणाऱ्या डब्याची पाळी आली तेव्हा त्याने दोन ठेवले, एक स्वस्त, एक बरा. बाबांनी दोन्ही तळहातांवर तोलले. "हा पोकळ लागतो. वायरिंग हलकं असलं की गाडी पेटते. मी बघितलंय." सूनबाईलाही राहवेना. ती म्हणाली, "थोडा वरच्या ताकदीचाच द्या. मुलांच्या पँटला आम्ही आत जादा कापड ठेवतो, पुढे उसवून वाढवता येतं. तसं काही नंतर वाढवायचं झालं तर?" चष्मेवाला हसला. म्हणाला, "ताई, हेच मी दिवसभर लोकांना सांगतो आणि कुणी ऐकत नाही." मेमरीच्या पट्ट्या घेताना त्याने आपणहून सुचवलं, सोळा जीबीची एक घेण्यापेक्षा आठ जीबीच्या दोन घ्या, जोडीने लावल्या की काम भरभर होतं. "जोडीने चालतं तर जोडी दे," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजाला धार चढली होती. सूनबाईला तो आवाज ऐकून इतकं बरं वाटत होतं की आपण काय घ्यायला आलोय तेही ती क्षणभर विसरली.

आणि मग घोडं अडलं.

"हे ग्राफिक्स कार्ड," बाबा यादीवर बोट ठेवून म्हणाले. "सगळ्यांत महाग दिसतंय. भरतकामाला लागतं का हे?"

चष्मेवाला नेमका सरळ माणूस निघाला. जगात इतके लबाड दुकानदार पडलेत, पण हिच्या वाट्याला त्या दिवशी हा यायचा होता. "खरं सांगू का काका? भरतकामाला काडीची गरज नाही. तुमच्या प्रोसेसरमध्ये साधं चित्र दाखवायची सोय आहे. हे खेळांसाठी लागतं."

"बघ!" बाबांनी काउंटरवर थाप मारली. त्यांचा चेहरा उजळला होता. अगदी पूर्वीसारखा. "बघ, मी आलो म्हणून. त्या नर्सबाईने उगाच खर्चात पाडलं असतं. तुझं ते ओव्हरलॉक मशीन येईल की यात! तू त्याच्यासाठी साठवत होतीस ना? मला काय दिसत नाही होय?" आणि त्यांनी लाल पेन्सिलीने ग्राफिक्स कार्डावर आडवी काट मारली.

सूनबाई काउंटरला धरून उभी राहिली. गप्प बसावं तर बस चालणार नाही आणि रविवारी बाबा निघून जाणार. बोलावं तर चार महिन्यांनी आलेलं हे हसू आपल्याच हाताने पुसायचं.

"ते कार्ड घ्यायचंय, बाबा."

"अगं, पण हा सांगतोय ना..."

"भरतकामाचं खोटं होतं. कॉम्प्युटर माझा नाही. तुमचा आहे." मग एका दमात सगळं सांगून टाकलं. बसचा खेळ, नर्सबाईचं स्टेअरिंग, प्रवासी, सिग्नल, सगळं. बोलता बोलताच तिला कळलं की हे मनात होतं तेव्हा किती छान वाटत होतं आणि मोठ्याने म्हटलं की किती पोरकट ऐकू येतंय.

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. "खेळणं आणून देतेस मला?"

"तसं नाही हो..."

"एकतीस वर्षं बस चालवली मी. खरी." ते वळले आणि दुकानाबाहेर गेले. चष्मेवाला उगाचच एका खोक्यावरची धूळ पुसायला लागला.

ती मागोमाग धावली. बाबा लांब गेले नव्हते. दुकानाच्या पायरीवर बसले होते, हात गुडघ्यांवर, नजर रस्त्यावर. ती शेजारी बसली. समोरून एक बस गेली, मग दुसरी.

"बावन्न माणसं होती आत," बाबा म्हणाले. "कंडक्टरने आकडा सांगितला नंतर. पुढच्या सीटवर एक बाई होती, दिवस भरत आलेली. स्टॉप दहा पावलं पुढे असता तर? उतार होता गं तिथे." त्यांनी हात उलटे करून बघितले. "रोज तेच दिसतं. डोळे मिटले तरी आणि भिंतीकडे बघितलं तरी. आता मला चाक हातात धरायची भीती वाटते. आणि चाक सोडून मला दुसरं काही येत नाही."

चार महिने ते एवढंच घेऊन बसले होते, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. सगळ्यांना वाटलं, नोकरी गेली म्हणून रुसलेत. सूनबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते लपवण्याच्या भानगडीत ती पडली नाही.

"बाबा, मी तुम्हाला एक सांगते, मध्ये बोलू नका. तुम्ही कॉट मागे नेलीत ना, त्या दिवसापासून मला म्हणायचं होतं, जमलं नाही. माझ्या बापाने माझ्यासाठी जे केलं नाही ते तुम्ही केलंत. माझं दुकान, माझी गिऱ्हाइकं, चार लोकांत माझी जी काही पत आहे ती, सगळ्याची सुरुवात तुमच्यापासून झाली. मी तुमची खूप आभारी आहे. हे फेडायला म्हणून मी कॉम्प्युटर घेत नाही, ते फिटायचं नाही. तुम्ही आक्कांकडे जाऊ नये म्हणून घेतेय. तुम्ही माझ्या पायात येत नाही. तुम्ही घरात नसलात तर मला करमणार नाही. थांबा ना."

बाबांनी रुमाल काढला, नाक पुसलं, रुमाल परत घडी घालून खिशात ठेवला. हे सगळं त्यांनी फार सावकाश केलं.

"त्या बसमध्ये एकही खरा माणूस नाही," ती हळूच म्हणाली. "ठोकलीत तरी कुणाला काही होणार नाही."

"ठोकीन कशाला?" बाबा एकदम म्हणाले. मग, रस्त्याकडेच बघत, "आरसे असतात का त्यात?"

"असतात म्हणे. सगळे."

"हं." ते गुडघ्यांवर जोर देऊन उठले. "वापरलेलं कार्ड घ्यायचं म्हणतेस. वापरलेली गाडी न ऐकता घेऊ नये."

आत जाऊन त्यांनी चष्मेवाल्याला कार्ड जोडून चालू करायला लावलं. एवढ्यावर थांबतील तर ते बाबा कसले! दुकानातला मोठा पंखा बंद करवला, सगळ्यांना गप्प केलं आणि कार्डाजवळ कान नेला. चांगली पाच मिनिटं तसेच वाकून उभे. "डावा पंखा घासतोय," म्हणाले.

"नाही हो काका, मी स्वतः तपासलंय."

"घासतोय. आत्ता थोडा आहे. दोन महिन्यांत जाम होईल."

चष्मेवाल्याने कार्ड काढलं, नाकावरचा चष्मा कपाळावर आणि कपाळावरचा नाकावर घेतला, टॉर्च मारला, पातं बोटाने फिरवलं. मग हळूच म्हणाला, "अहो, खरंच की." त्याने कार्ड बाजूला ठेवलं आणि आतून त्याच किमतीत दुसरं आणलं. तेही बाबांनी ऐकलं आणि मान हलवली. "काका, हे तुमच्या गळ्यात मारलं असतं तर माझी मान खाली गेली असती," चष्मेवाला म्हणाला. "जोडणीचे पैसे घेत नाही मी. उद्या संध्याकाळी स्वतः आणून देतो." आणि खरंच आणून दिला, शुक्रवारी, दिवेलागणीच्या आधी.

कॉम्प्युटर ठेवायला जागा एकच होती, कापायच्या टेबलाचं रस्त्याकडचं टोक. नर्सबाईने शनिवारी येऊन स्टेअरिंग टेबलाच्या कडेला आवळून बसवलं, पेडलं खाली ठेवली, खेळ चालू करून दिला. पडद्यावर डेपो आला, डेपोत निळी बस. बाबांनी खुर्ची पुढे घेतली, मागे घेतली, पाठ ताठ केली.

"काका, चावी फिरवा," नर्सबाई म्हणाली.

"आधी उतरायचं कसं ते सांग."

"उतरायचं कशाला? चालवायचीय ना?"

"गाडीभोवती चक्कर मारल्याशिवाय मी कधी गाडी काढलेली नाही."

नर्सबाईने खटपट करून ते बटण शोधून काढलं. बाबा पडद्यातल्या बसमधून उतरले, चारी बाजूंनी फिरले, प्रत्येक चाकाशी थांबले. मग चढले आणि गाडी काढली. पहिला स्टॉप आला. बाबांनी ब्रेक दाबला, बस उभी राहिली, आणि ते तसेच बसून राहिले, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून. खेळ पिकपिक करायला लागला. नर्सबाई काही बोलणार तोच सूनबाईने तिचा हात दाबला. बऱ्याच वेळाने बाबांनी खोल श्वास घेतला आणि दार उघडलं. प्रवासी चढले. पडद्याच्या कोपऱ्यातून एक म्हातारी संथ पावलं टाकत येत होती.

"काका, उशीर होतोय, गुण कापले जातील!"

"कापू देत की. ती म्हातारी येतेय, दिसत नाही का तुला?"

त्या संध्याकाळी बाबांनी दोन फेऱ्या केल्या आणि खेळाने त्यांना दोन्ही वेळा नापास केलं. बाबांच्या मते खेळालाच बस चालवणं कळत नव्हतं.

त्यांनी जाण्याबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही, आणि विचारायचा सूनबाईला धीर झाला नाही. बॅग दाराआड होती तशीच होती. रविवारी सकाळी ती मशीनवर बसली खरी, पण अर्धा जीव मागच्या खोलीत. बाबा अंघोळ करून बाहेर आले, इस्त्रीचा शर्ट घातलेले. त्यांनी फोन उचलला.

"आक्का, आज यायचं जमत नाही गं... नाही, तब्येत बरी आहे... अगं, तिकीट गेलं तर गेलं... काय करतो? बस चालवतो. खोटी आहे, कॉम्प्युटरवरची. तुला नाही कळायचं, तू इकडेच ये म्हणजे दाखवतो. महिनाभर रहा, गुडघे इथल्या डॉक्टरांना दाखवू..." मग पलीकडून आक्का बरंच काही बोलत राहिली. बाबा ऐकत होते, मान हलवत होते. सूनबाईच्या तोंडात टाचण्या होत्या, आणि तिने मशीनवरचा पाय थांबवला होता.

"नाही गं आक्का, त्या खेळासाठी कोण राहतंय," बाबा म्हणाले. "पोरीने मला थांबा म्हटलंय."